पाच मीटर

वजिराबादेत, घड्याळाच्या दुकानावर, लाकडी जिना चढून
हरबन्ससिंगानं तीन यंत्रं काचेवर मांडली.
एक पिवळं, एक हिरवं,
एक काळं, जुन्या तंबाखूच्या डबीएवढं.
"कशाला पाहिजे मामा? डोंगर चढायला? मोजणीला?"
मी खिशातून परवान्याचा कागद काढला,
घडीवर चार ठिकाणी विरलेला.
"डुकराला," म्हणलो.

त्यानं पगडी सारखी केली, हसला नाही. बरं वाटलं.

कागदात लिहिलंय, शेतातलं डुक्कर मारता येईल,
जंगलातलं नाही.
साहेबाच्या नकाशात मधून एक लाल रेघ जाते,
माझ्या बांधावर मोहाचं झाड आहे.
मागच्या साली पिंपळशेंड्याच्या बळीरामचं डुक्कर
गोळी खाऊन पळालं आणि पलीकडं जाऊन पडलं.
अकरा महिने किनवटच्या कोर्टात
तो सांगायलाय, साहेब, ते आलं होतं इकडूनच.

म्हणून यंत्र.

पिवळ्याचा पडदा रंगीत, बोटानं सरकणारा,
पण चिखलाचं बोट त्याला ओळखू येईना.
मी तिथंच थुंकीनं अंगठा ओला करून बघितलं.
हिरव्याला रोज रात्री वीज पाजायची,
आमची वीज तर रात्रीच जाते.
काळ्याला पेन्सिल सेल. ते मांडवीच्या किराण्यातही मिळतात,
बिस्किटाच्या बरणीमागं.
"सागाखाली चालतं का?" विचारलं.
भादव्यात सागाचं पान सुपाएवढं होतं,
खालून आभाळाचा तुकडा दिसत नाही.
"चालतं," म्हणला, मग जरा थांबून,
"जरा उशिरा सांगतं."

काळं घेतलं.

सोमा टेकाम माझ्यासोबत माळ्यावर बसतो.
पाऊल बघून डुकरीण गाभण आहे का सांगतो.
यंत्र हातात घेतलं, उलटं करून कानाला लावलं.
"ह्याला डुक्कर कुठंय ते कळतं?"
"नाही. आपण कुठंय ते कळतं."
"ते मला म्हाईत आहे," म्हणला आणि
कांदा फोडायला बसला.

तिसऱ्या रात्री मका वाजला.
चंद्र उशिराचा, दव पडलेलं.
डुकरीण, मागं पट्ट्यापट्ट्याची सहा-सात पिल्लं,
मोहाच्या बुडाशी उभी.
बंदूक उजव्या खांद्याला, यंत्र डाव्या हातात.
मी जंगलात होतो.
हललो नाही. मी शेतात होतो.
श्वास धरला तसा पुन्हा जंगलात.
पडद्यावर माझा ठिपका आपला आपण फिरायला लागला,
रेघ ओलांडून इकडं, रेघ ओलांडून तिकडं,
दावणीला बांधलेलं वासरू फिरावं तसा.
खाली बारीक अक्षरात: अचूकता पाच मीटर.
डुकरीण तर माझ्यापासून वीस पावलांवर.
तिचं कोण सांगणार?

पिल्लं कणसं खात राहिली. चावण्याचा आवाज
माणसांसारखाच येतो.

सोमानं माझ्याकडं बघितलं, मग कांद्याकडं.

गेली ती, तेव्हा मी बटण दाबून जागा नोंदवली.
यंत्रानं आपणहून नाव दिलं: शून्य शून्य एक.
मला लिहायचं होतं 'मोह',
पण आपली अक्षरं त्यात नाहीत.

सकाळी तेरा ओळी आडव्या झालेल्या.
बायको कणसं वेचत होती, काही बोलली नाही,
अर्धी खाल्लेली म्हशीपुढं टाकली.
मी झाडाला टेकून सेल काढून ठेवले, उगी जळायला नकोत.
ह्याच झाडाबद्दल आजा सांगायचा,
की तो पहिल्यांदा कुऱ्हाड घेऊन इथं आला
तेव्हा हे झाड
जंगलाच्या पार मधोमध होतं.